स्पीकरमागे चार टर्मिनल: एक वायर ओढावी की दोन?

गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये स्पीकर मांडताना मागे दोनाऐवजी चार टर्मिनल दिसली, की बाय-वायरिंग करायचं का हा प्रश्न येतोच. दुकानदार हो म्हणणारच, त्याची वायर दुप्पट खपते.

चारपैकी एक जोडी ट्वीटरची (वरचे सूर देणारा छोटा भाग), दुसरी वूफरची (खालचे सूर देणारा मोठा भाग). कंपनी त्या धातूच्या पट्ट्यांनी जोडून देते. साध्या जोडणीत पट्ट्या तशाच राहतात आणि ॲम्प्लिफायरपासून एकच वायर येते. बाय-वायरिंगमध्ये पट्ट्या काढून ॲम्प्लिफायरच्या त्याच टर्मिनलपासून दोन वेगळ्या वायरी आणायच्या. यामागचं म्हणणं असं, की वूफरचा मोठा करंट ट्वीटरच्या वायरीतून जात नाही, त्यामुळे वरचे सूर स्वच्छ राहतात. हे म्हणणं खोटं नाही, पण फरक किती पडतो ते मोजून बघावं.

तांब्याच्या अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीचा रोध मीटरला साधारण ०.००७५ ओहम. ॲम्प्लिफायर ते स्पीकर ५ मीटर धरले, तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०७५ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे एक टक्काही नाही. आवाजातली घट ०.१ डेसिबलच्या आत. स्पीकर चार ओहमचा असेल तर परिणाम दुप्पट, तरी किरकोळच. शिवाय अडीचच्या दोन वायरींऐवजी चारची एकच ओढली, तरी रोध ०.०५ वर येतो. आठ ओहमच्या वूफरच्या कॉइलचा स्वतःचाच रोध पाच-सहा ओहम असतो, त्यापुढे हे काहीच नाही. कंपन्यांचंही एकमत नाही: वँडरस्टीन बाय-वायरिंगचा आग्रह धरते, डायनऑडिओ एकाच जोडीवर ठाम.

माझा कौल चारच्या एका वायरीला. पट्ट्या पातळ किंवा काळ्या पडलेल्या असतील, तर त्याच वायरीचे बोटभर तुकडे सोलून तिथे घट्ट आवळा. अडीचची वायर घरात उरलेली असेल तर मात्र खुशाल बाय-वायरिंग करा, बिघडत काही नाही. त्यासाठी वेगळी महागडी केबल घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

स्वतःच्या कानांनी ठरवायचं असेल, तर दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी ठेवा, एकाला एकच वायर, दुसऱ्याला दोन. ॲम्प्लिफायर मोनोवर टाकून तंबोऱ्याची जवार आणि डग्ग्याचा घुमारा नीट ऐकू येईल असं गाणं लावा. बॅलन्सची कळ घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुम्ही डोळे मिटा. मग स्पीकरच्या जागा बदलून पुन्हा ऐका. खोलीचा फरक किती मोठा असतो, ते याच वेळी कळेल: गुळगुळीत फरशी, काचेची सरकती खिडकी आणि उघड्या भिंती आवाज जितका बदलतात, तितका कुठलीही वायर बदलत नाही. वायरीचे पैसे जाड पडद्यात आणि जाजमात घाला.

बाय-ॲम्पिंग ही वेगळी गोष्ट. त्यात ट्वीटर आणि वूफरला वेगवेगळे ॲम्प्लिफायर चॅनल लागतात. एव्ही रिसीव्हरचे (होम थिएटरच्या अनेक चॅनलच्या ॲम्प्लिफायरचे) रिकामे चॅनल वापरून ते करता येतं, पण पॉवर सप्लाय एकच असल्याने ताकद दुप्पट होत नाही. खरा लाभ क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगळे करणारं स्पीकरमधलं सर्किट, ॲम्प्लिफायरच्या आधी नेलं तर. त्यासाठी स्पीकरची पेटी उघडावी लागते. आणि बाय-ॲम्पिंग करताना पट्ट्या काढायच्या राहिल्या, तर दोन चॅनलची आउटपुट एकमेकांना भिडतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो.