सामाजिक शास्त्रांत पीएच.डी.: मुंबई की बीलेफेल्ड?

समजा, तुमचा विषय बीडचे ऊसतोड मजूर. मुकादमाची उचल (हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे) समजून घ्यायला अर्थशास्त्र लागतं, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांचं एक एकक, का धरतात हे कळायला समाजशास्त्र, आणि कारखानदारी वाढत गेली तसं हे स्थलांतर कसं घडलं हे शोधायला इतिहास. असा विषय एका विभागात मावत नाही. मग टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा आयआयटी मुंबई धरायची, की जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठासारख्या डॉक्टरल स्कूलकडे, म्हणजे पीएच.डी.साठीच्या खास विभागाकडे, अर्ज करायचा?

बीलेफेल्डच्या स्कूलची उभारणीच इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या जोडीवर झाली. जर्मनीच्या एक्सलन्स इनिशिएटिव्हचा (निवडक विद्यापीठांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा) निधी त्याला 2007 साली मिळाला. हे विद्यापीठ आधीपासूनच त्या वळणाचं. झिफ हे तिथलं आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र 1968 चं, आणि समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान त्या विद्यापीठातच शिकवत. अशा ठिकाणी खरा फायदा होतो तो कलोक्वियममध्ये, म्हणजे एकमेकांचं लिखाण वाचून चर्चा करण्याच्या बैठकीत. तुमचं प्रकरण इतिहासवाला वाचतो आणि ‘मुलाखती ठीक, पण त्या काळची कागदपत्रं कुठायत?’ असं तोंडावर विचारतो.

मुंबईत हे आपोआप होत नाही. आयआयटीच्या मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र शेजारी-शेजारी आहेत, पण शेजार म्हणजे संवाद नव्हे. टिसचा पाया 1936 पासून समाजकार्याचा, त्यामुळे फील्डची बैठक पक्की. दोन्हीकडे सल्लागार समितीत दुसऱ्या विषयाचा माणूस कोण, हे प्रवेशाआधीच गाईडला विचारा. तो नुसता सहीपुरता असेल, तर आंतरविद्याशाखीय हा शब्द माहितीपत्रकातच राहतो.

पैशाचं गणित मात्र नीट मांडावं लागतं. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) असेल तर 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तींच्या जाहिराती पाहत बसायचं, आणि त्या पैशांसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागतात हेही धरून चालायचं. जर्मनीत ट्यूशन फी बहुधा नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी असते. पण तिथे प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पावर 65 टक्क्यांची (पूर्णवेळेच्या 65 टक्के तास आणि पगाराची) नोकरी मिळाली तर कर कापून साधारण 2,000 युरो हातात पडतात, त्यात एकट्याचं भागतं. नुसतं प्रवेशपत्र आलं तर हुरळून जाऊ नका. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (ज्यातून दरमहा ठराविकच रक्कम काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, तेही दरवर्षी.

मुदतीचा हिशेबही वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार भारतात पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, वर मुदतवाढ. तिकडे करार बहुतेकदा तीन वर्षांचे. प्रबंध चौथ्यात गेला की पैशांची ओढाताण.

आता फील्डवर्क. उसाचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीलेफेल्डहून त्यातला एखादाच हंगाम नीट पदरात पडेल, आणि तोही प्रवासखर्च कोण देणार हे ठरल्यावर. टिसचं तुळजापूर कॅम्पस धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या शेजारीच. ऊसतोडीसारख्या विषयाला मी तरी मुंबईच म्हणेन. तुम्हाला इथल्या मजुरांची दुसऱ्या देशातल्या हंगामी मजुरांशी तुलना करायची असेल, किंवा काम मुख्यतः जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरांतलं असेल, तर कौल बीलेफेल्डकडे झुकतो.

नोकरीचं काय, हा प्रश्न आपल्याकडे लोक उशिरा विचारतात. सहायक प्राध्यापकासाठी पदवी ‘संबंधित किंवा संलग्न’ विषयातली लागते, आणि छाननी समिती ‘संलग्न’चा अर्थ आपल्या सोयीने लावते. एम.ए. समाजशास्त्रात आणि प्रबंध अर्धा अर्थशास्त्राचा असेल, तर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा) समाजशास्त्रातच काढून ठेवा. जुलै 2023 पासून त्या पदाची किमान पात्रता नेट-सेटच आहे, पीएच.डी. ऐच्छिक. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं. जर्मनीला जाणार असाल तर ती उरकूनच विमानात बसा.