बदलत्या टोकांच्या गोल सुया: अकरा महिन्यांच्या विणकामानंतर

मागच्या थंडीच्या तोंडावर मी बदलत्या टोकांच्या गोल सुयांचा, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या आणि काढता-लावता येणाऱ्या दोन छोट्या टोकांच्या सुयांचा सेट घेतला, तो खरं तर आईसाठी. दोन वर्षं तिने विणायची सुई हातात धरली नव्हती. मनगट दुखायचं, आणि अर्धवट राहिलेली शाल कपाटात तशीच पडून होती. आता दुसरी थंडी आली आहे. मधल्या अकरा महिन्यांत आम्ही दोघींनी मिळून या सुयांवर एक मोठं पांघरूण, माझ्या मुलीचा स्वेटर, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, तीन टोप्या आणि ती राहिलेली शाल एवढं विणून पूर्ण केलं. त्यामुळे आता मी खात्रीने काही सांगू शकते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला या प्रकारच्या सुयांबद्दलच बोलायचं आहे.

सेटमध्ये लाकडी टोकांच्या आठ जोड्या आहेत, ३.५ मिमीपासून ८ मिमीपर्यंत. लाकूड बर्चचं, पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेलं. प्रत्येक टोकाच्या बुडाशी धातूची टोपी आणि आत आटे. वेगवेगळ्या लांबीच्या नायलॉनच्या दोऱ्या आहेत; टोकं लावली की एकूण लांबी ६०, ८० किंवा १०० सेंमी होते. शिवाय वाकवलेल्या तारेची एक छोटी किल्ली, दोरीच्या टोकांना लावायची बुचं आणि दोन दोऱ्या एकमेकींना जोडायचा एक तुकडा.

आधी मनगटाचं सांगते. आईच्या सरळ सुया ३५ सेंमीच्या होत्या. शाल वाढत गेली की तिचं सगळं वजन त्या लांब सुईवर लटकायचं आणि ते पेलायचं काम मनगटाकडे यायचं. प्रत्येक टाक्याला तेवढं वजन उचलून पुढे न्यायचं. गोल सुईवर विणलेला भाग दोरीवर सरकतो आणि मांडीवर येऊन बसतो. हातात उरतात ती दोन छोटी टोकं आणि दहा-बारा टाके. पांघरूण १८० टाक्यांचं होतं, ६ मिमी सुईवर, १० सेंमीत १५ टाके या हिशेबाने १२० सेंमी रुंद. शेवटी शेवटी ते पाऊण किलोच्या वर गेलं होतं. सरळ सुयांवर आईने ते घेतलंच नसतं. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ती अजूनही अर्धा तास विणते आणि सुया खाली ठेवते. पण रोज अर्धा तास विणते, आणि आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

गोल सुया फक्त गोल विणायलाच लागतात असा समज मलाही होता. तसं मुळीच नाही. ओळ संपली की काम उलटायचं आणि परत यायचं, सरळ सुयांसारखंच. आईने शाल आणि पांघरूण दोन्ही असंच केलं.

दुसरा फरक मी घेताना डोक्यातही आणला नव्हता, तो कोपरांचा. सरळ लांब सुयांनी विणणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंना जागा लागते. आई विणायला बसली की सोफ्यावर तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, हा लहानपणापासूनचा नियम. सुईचं मागचं टोक कुणाच्या तरी दंडाला लागायचं, मग टाका गळायचा आणि आई वैतागायची. या सुयांना मागचं टोकच नाही. पहिल्याच आठवड्यात माझी नऊ वर्षांची मुलगी आजीला खेटून बसली, आणि आईने तिला उठ म्हटलं नाही. पांघरूण मांडीवर वाढत होतं तसा त्याचा खालचा भाग मुलीने आपल्या पायांवर ओढून घेतला. पूर्ण थंडीभर ते असंच चाललं: एका बाजूने आजी विणतेय, दुसऱ्या बाजूने नात त्यात शिरलेली.

आता सांध्याबद्दल, कारण अशा सेटची खरी परीक्षा तिथेच आहे. टोकं कितीही गुळगुळीत असोत, दोरी आणि टोक जुळतात ती जागा नीट नसेल तर सगळं व्यर्थ. विणताना हातातलं टोक प्रत्येक टाक्याला थोडंसं फिरतं. ते फिरणं साठत जातं आणि आटे हळूहळू सैल होतात. एका संध्याकाळी मला वाटलं टाके अडकताहेत, बघते तर सांध्यात केसाएवढी फट पडली होती आणि लोकरीचा एक पदर त्यात ओढला गेला होता. हाताने घट्ट करणं पुरत नाही. दोरीच्या धातूच्या भागाला एक बारीक भोक असतं, त्यात किल्ली घालून दोरी धरायची आणि टोक फिरवायचं. टोक बोटांतून निसटत असेल तर रबराचा पातळ तुकडा धरावा. मी दोन-तीन दिवसांनी एकदा विणायला बसण्याआधी दोन्ही सांधे चाचपते, आणि तेव्हापासून त्रास झालेला नाही. काही सेटमध्ये दोरी सांध्यापाशी मोकळी फिरते, त्यामुळे आट्यांवर पीळ येत नाही. पुन्हा घ्यायचा झाला तर मी तसाच बघेन.

त्या बारीक भोकाचा आणखी एक उपयोग मला पुढे कळला, आणि तो मला किल्लीपेक्षाही मोलाचा वाटतो. जाळीदार नमुना विणताना चूक झाली की उसवायची धास्ती असते, कारण जाळीचे टाके पुन्हा सुईवर घेणं अवघड. त्या भोकातून बारीक गुळगुळीत दोरा ओवायचा आणि एक साधी ओळ विणायची. सुईबरोबर दोराही त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून आपोआप जातो. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं. टाक्यांची खूण म्हणून सुईवर अडकवलेल्या कड्या मात्र त्या दोऱ्यात अडकणार नाहीत एवढं बघायचं. आईच्या शालीत दर सोळा ओळींनी असा दोरा टाकला, आणि दोनदा तो कामी आला.

दोऱ्या नव्या असताना गुंडाळीचा आकार सोडत नव्हत्या आणि टाक्यांच्या मध्येच वेटोळं घालत होत्या. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, सरळ ओढून धरून गार होऊ दिल्या की सुधारतात. थंडीत नायलॉन जरा ताठ होतं, त्यामुळे हा उपाय मी दोनदा केला.

लाकडाबद्दल आईचं आणि माझं मत एक नाही. तिचा हात घट्ट आहे आणि धातूवरून टाके भराभर सरकायची तिला सवय. तिला लाकूड धरून ठेवल्यासारखं वाटतं. माझा हात सैल, मला तेच हवं असतं. गुळगुळीत लोकर असेल तर लाकडावर टाके निसटत नाहीत. अ‍ॅक्रिलिकचा धागा मात्र लाकडावर थोडा रेंगाळतो. आणि धातूसारखी थंडगार सुई सकाळी हातात घ्यावी लागत नाही, यावर दोघींचं एकमत आहे. ३.५ मिमीचं एक टोक मोडलं. विणकाम सोफ्यावर ठेवून मी उठले आणि नवरा त्यावर बसला. बारीक लाकडी टोकं नाजूकच असतात. ती वापरणाऱ्यांनी विणकाम पिशवीत ठेवायची सवय लावून घ्यावी.

मुलीच्या स्वेटरमध्ये मला या सुयांची सगळ्यात जास्त मदत झाली, आणि सगळ्यात जास्त शिकायलाही तिथेच मिळालं. गळ्यापासून खाली विणत यायचा रॅगलन स्वेटर होता. रॅगलन बाही म्हणजे गळ्यापासून बगलेपर्यंत तिरप्या रेषेत येणारी बाही. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन या ब्रिटिश सेनानीवरून तिला ते नाव पडलं. मुलीला ही गोष्ट इतकी आवडली की ती अजूनही ‘माझा रॅगलन’ असंच म्हणते. चार तिरप्या रेषा, आणि दर दुसऱ्या फेरीला प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे एकूण आठ टाके वाढवायचे.

माप ठरवायला आधी विणून बघायचा नमुन्याचा तुकडा मी नेहमीसारखा सरळ विणला, एक ओळ सुलटी, एक उलटी. ४ मिमी सुईवर १० सेंमीत २२ टाके आले, आणि मी निश्चिंत झाले. बगलेपर्यंत आल्यावर टोकं काढली, जास्त लांब दोरी लावली, बुचं बसवली आणि मुलीच्या अंगावर चढवून बघितलं तर छातीत घट्ट. मोजलं तर २४ टाके भरले. गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलट्याच असतात, उलटी ओळ येतच नाही. माझे उलटे टाके सुलट्यांपेक्षा सैल पडतात, म्हणून सरळ तुकड्याचं माप मोठं आलं होतं. १६० टाक्यांना २२ च्या हिशेबाने जवळजवळ ७३ सेंमी घेर मिळतो, २४ च्या हिशेबाने फक्त ६७. गळ्याच्या पट्टीपर्यंत उसवलं, ४ ची टोकं काढून ४.५ ची लावली आणि पुन्हा विणलं. वाईट वाटलं, पण सरळ सुयांवर पुढा, पाठ आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शिवल्यानंतर हे कळलं असतं, तर जास्त वाईट वाटलं असतं. गोल कपड्याचा नमुना गोलच विणून मोजायचा, हे मी आता पक्कं धरलं आहे. सुईची एकूण लांबी कपड्याच्या घेरापेक्षा कमी हवी, नाहीतर टाके ताणले जातात. दोरी बदलता येत असल्यामुळे त्यासाठी वेगळी सुई शोधावी लागत नाही.

त्याच सैल उलट्या टाक्यांवर या सेटने मला आणखी एक तोड दिली. नवऱ्याच्या स्वेटरची पाठ सरळ विणताना एका टोकाला ४ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमी लावली. सुलटी ओळ मोठ्या टोकाने विणायची, काम उलटलं की छोटं टोक उजव्या हातात येतं आणि उलटी ओळ त्याने. ओळींमध्ये जी पट्ट्यांसारखी दरी दिसायची ती गेली. एकाच सुईची दोन टोकं वेगळ्या मापाची ठेवणं बांधीव, म्हणजे टोकं न निघणाऱ्या गोल सुईवर होत नाही.

एक गोष्ट सुयांची नाही तरी सांगते. स्वेटरची लोकर मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो होती. तिच्या तंतूंवरचे खवले प्रक्रिया करून बोथट केलेले असतात, म्हणून ती आटून जाड होत नाही; पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत आणि पहिल्या धुण्यात कपडा लांबतो. आमचा दोन बोटं लांबला. नमुन्याचा तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजावा.

सर्वात मोठी तक्रार ५ मिमीच्या टोकाची. आठव्या महिन्यात लाकूड आणि धातूची टोपी यांमधला डिंक सुटला. आई टोपी विणत होती, टोक हातात आलं आणि चाळीसेक टाके दोरीवरून मोकळे झाले. तिचा चेहरा मला बघवला नाही. नशिबाने बरेचसे टाके जागीच उभे होते; उरलेले क्रोशाच्या सुईने एकेक करत वर चढवले. बदली टोक मागितलं, ते यायला पाच आठवडे लागले आणि मधे तीनदा आठवण करावी लागली. तेव्हा घेण्याआधी सुटी टोकं आणि सुट्या दोऱ्या मिळतात का, हे बघणं अत्यंत गरजेचं आहे. सुटी मिळत नसतील तर मी असा सेट घेऊ नका असंच सांगेन.

मोजे विणणाऱ्यांना हा सेट पुरणार नाही. मोज्यांना २.२५ किंवा २.५ मिमीची सुई लागते आणि इथे सुरुवातच ३.५ पासून. बाह्यांसाठी लांब दोरीचा मधला भाग बाहेर ओढून बारीक घेर विणता येतो; मला ते जमलं, फक्त वळणावर दुसरा टाका घट्ट ओढावा लागतो, नाहीतर शिडीसारखी रेघ पडते. आईला ते मुळीच आवडलं नाही. तिने दोन्ही बाह्या आपल्या जुन्या पाच दुतोंडी सुयांवरच केल्या, आणि त्या माझ्या हातून झाल्या असत्या त्यापेक्षा सुबक झाल्या.

पूर्ण सेट एकदम घ्यावा का? फक्त मफलर किंवा टोपी करायची असेल तर नको. हव्या त्या मापाची एक बांधीव गोल सुई पुरे. स्वेटर आणि पांघरुणं करणाऱ्यांना मी घ्या म्हणेन. आमच्याकडे ४, ४.५ आणि ६ मिमी सतत वापरात असतात. ७ मिमीला अजून हात लागलेला नाही.

८ मिमीची जोडी मागच्या महिन्यात मुलीने घेतली. जाड लोकर, २४ टाके, सगळ्या ओळी सुलट्या. “आजी, हा टाका बघ, मोठा झाला,” असं दर ओळीला एकदा येतं. आई आपलं काम थांबवते, तिच्या सुईवरचा टाका बोटाने सरळ करते आणि म्हणते, “अगं, धागा एवढा ओढू नकोस, तो आपणहून येतो.” सोफ्यावर दोघी शेजारी शेजारी विणतात. काल मफलर एक वीत झाला.