पायडलच्या करवतीपायी ३२,६१० रुपये गेले. जुनी अवजारं घेणाऱ्यांनी वाचाच

टोकन ५,०००. अर्धी रक्कम म्हणून २१,५००. ट्रान्सपोर्टचं भाडं ३,७५०. ‘ई-वे बिलाचे’, म्हणजे माल नेण्यासाठीच्या सरकारी ऑनलाइन कागदाचे, २,३६०. एकूण ३२,६१० रुपये, आणि हातात खिळासुद्धा आलेला नाही.

हा ऑनलाइन फसवणुकीचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. घर पाडायला निघालंय, सामान हलवायचंय, पुण्याची पार्टी उद्या बघायला येतेय. मलाही माहीत होतं. ‘कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ म्हणणाऱ्यांना मी आजवर शिव्या घालूनच फोन ठेवलाय. पण ही करवत विकणाऱ्या या माणसाला अवजारांमधलं कळत होतं. रंध्याचं पातं किती बाहेर काढलं की सागवानाचे तंतू उपटतात, हे त्याने मी न विचारता सांगितलं. अशा माणसावर संशय कसा घेणार?

मी फ्लॅटमध्ये काम करतो. विजेची जिगसॉ लावली की खालच्या मजल्यावरून फोन येतो, म्हणून सगळं हातावर: रंधा, पटाशी, गुण्या, करवत. बरीचशी अवजारं मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून पारखून घेतलेली. देव्हाऱ्याच्या जाळीला मात्र हाताने कापायला बसलं की मनगट भरून येतं. त्यासाठी मला पायाने चालणारी करवत हवी होती. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉकफर्डची डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनी एकोणिसाव्या शतकात अशी यंत्रं बनवायची. त्यांची ‘वेलोसिपीड’ करवत म्हणजे सायकलसारखं सीट, दोन पायडल, खाली चाक, वर बारीक पातं. दोन्ही हात लाकूड वळवायला मोकळे. ही करवत, तीन पटाश्या आणि स्टॅनली कंपनीचा लोखंडी बेली रंधा, चार नंबर, असं सगळं मिळून ४८,००० ला नगरमध्ये निघालं.

अमेरिकन यंत्र नगरमध्ये कुठून, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तयार होतं: आजोबा मिशनच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकवायचे. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम मला वाचून माहीत होतं, त्यांनी तिथे औद्योगिक शिक्षण दिलं हेही. म्हणजे गोष्ट जुळत होती. मी म्हटलं, रविवारी बघायला येतो. तर म्हणाला, “या की दादा, जेवायलाच या. फक्त पुणेवाल्याला थांबवायला पाच हजार टाका.” जो घरी जेवायला बोलावतो तो चोर असेल, असं कुणाच्या मनात येईल?

आता ज्या गोष्टीने मला रात्र रात्र झोप लागत नाही ती सांगतो. फोटो मोठा करून मी पायडलचा दांडा चाकाला कुठे जोडलाय ते बघत होतो. मागच्या भिंतीवर विजेचा सॉकेट होता. दोन उभ्या चपट्या फटी, खाली एक भोक. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात. हा सॉकेट अमेरिकेतला होता. मी तो पाहिला. पाहून थांबलो. आणि मिशनचा बंगला असेल, त्यांनीच बसवला असेल, असं स्वतःला समजावून पुढचा फोटो उघडला. त्या क्षणी फोन ठेवला असता तर एक रुपयाही गेला नसता. फोटो तिकडच्या कुणाच्या तरी वर्कशॉपचा होता. म्हणून यंत्राकडे बघण्याआधी भिंत, फरशी, खिडकी बघा.

रंध्याच्या फोटोतही होतंच. फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं तो ओतीव तुकडा) मागे बेडवर, म्हणजे रंध्याच्या लोखंडी बुडावर, तीन पेटंट-तारखा ओतलेल्या, शेवटची एप्रिल १९१०ची. आणि पातं दाबून धरणाऱ्या वरच्या लिव्हर कॅपला लांबट, घेवड्याच्या दाण्यासारखं भोक, जे स्टॅनलीने १९३०च्या दशकात आणलं. सुटे भाग बदललेले असतातच, म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही फ्रॉग काढून बेडचा नवा फोटो मागा, आणि पायडल मारून पातं वरखाली होतानाचा व्हिडिओ. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला पाच मिनिटं लागतात.

पैसे एका बाईच्या नावावर गेले. “मिसेसचं खातं आहे.” मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला. त्यावरचा जीएसटी नंबर ०७ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. वजन लिहिलं होतं १५ किलो, ओतीव लोखंडाच्या यंत्राचं! जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर लॉगिन न करता तपासता येतो. भाडं ‘टू पे’ ठेवा, माल हातात आल्यावर द्या. आणि ई-वे बिल काढायला सरकार एक पैसाही घेत नाही.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला गेलो तेव्हा कळलं की त्या नावाचं ट्रान्सपोर्ट तिथे नाहीच. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. तुम्ही तर त्याच मिनिटाला करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

त्यानंतर जे झालं त्याचा राग चोरापेक्षा जास्त आहे. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. शेवटचे २,३६० समोरच्या खात्यात गोठवलेले आहेत, पण सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, “भंगाराला एवढे पैसे?” शेजारचे दोघे हसले. मी पन्नाशीचा माणूस, कर भरणारा, आणि मला तिथे आरोपीसारखं उभं केलं. मग म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले ठाण्यात जा. परत आलो तर म्हणाले, गुन्हा नगरचा, तिकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी छापून नेऊन दाखवलं. तो कागद न वाचता परत दिला आणि साध्या अर्जावर शिक्का मारून मला घरी पाठवलं. अशा वेळी त्याच कलमाखाली वरिष्ठांना लेखी कळवता येतं. मी रजिस्टर पोस्टाने कळवलंय. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तेही करणार आहे.

परवा तेच फोटो पुन्हा दिसले. या वेळी ठिकाण सातारा, किंमत ४५,०००. प्रिंट काढून ठाण्यात नेल्या, तर उत्तर मिळालं की ज्याचे पैसे जातील तो येईल. तुमच्यापैकी कुणी या करवतीसाठी पैसे दिले असतील तर लाजू नका. तुमचा तक्रार क्रमांक आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते मला कळवा. नाव तेच निघालं, तर सगळ्यांच्या तक्रारी जोडून मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे.