सार्जंट पेपर: बरेच महिने ऐकला, नाही जमलं

बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) मी एलपीवर घेतला, मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स याने २०१७ साली नव्याने मिक्स केलेला. डिस्कबद्दल तक्रार शून्य. मूळ मोनो (सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये) मिक्सच्या वेळी बँड स्वतः हजर होता, स्टिरिओ मात्र त्यांच्या माघारी उरकला गेला. ती कसर इथे भरून निघाली आहे. रिंगोचे ड्रम्स मधोमध, भरीव.

अडतं ते गाण्यांपाशी. अख्खा अल्बम एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम, ही जी थोर कल्पना सांगतात, ती दुसऱ्या गाण्यात त्या बँडचा गायक बिली शिअर्स याची ओळख झाली की गायब होते आणि उगवते ती एकदम शेवटाकडच्या रिप्राइजमध्ये, म्हणजे पहिलंच गाणं पुन्हा येतं तिथे. मधलं काहीही कुठल्याही अल्बममध्ये खपलं असतं. 'मिस्टर काइट'चे शब्द लेननने १८४३ च्या सर्कशीच्या पोस्टरवरून घेतले. वाफेच्या ऑर्गनच्या टेपचे तुकडे करून कसेही जोडले, तेही टेपवर चारच ट्रॅक मावणाऱ्या मशीनच्या जमान्यात! मानलं. पण दाद जाते ती निर्माते जॉर्ज मार्टिन आणि साउंड इंजिनिअर जेफ एमेरिकला; चाल काही दुसऱ्या दिवशी ओठांवर येत नाही. 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' आलं की मी सुई उचलतो.

खरा राग वेगळाच आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आणि 'पेनी लेन' याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची. फेब्रुवारीत सिंगल म्हणून बाहेर काढली, मग सिंगलमधलं अल्बममध्ये घ्यायचं नाही म्हणून वगळली. घरातले दोन कर्ते बाहेर आणि जेवायला पाहुणेच पाहुणे.

गंमत म्हणजे लोक हमखास टाळतात ते 'विदिन यू विदाऊट यू' मला दर वेळी ऐकावंसं वाटतं. हॅरिसनसोबत बाकीचे तिघे त्यात नाहीतच. लंडनमधले भारतीय वादक आहेत. दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) गळ्याच्या मागोमाग जातो, तबला उगाच मिरवत नाही. शब्द उपदेशी आहेत, असोत. शेवटी हशा कशाला घातला कोण जाणे.

'अ डे इन द लाइफ'बद्दल वाद नाही. पण एका गाण्यासाठी उरलेली बारा?

नव्याने बीटल्स घेणार असाल तर आधी 'रिव्हॉल्वर' (१९६६) घ्या. 'सार्जंट पेपर' मित्राकडून आणून ऐका, माझाही न्यायला हरकत नाही.