त्याने प्लग रुमालाने काढला, तेव्हाच मला कळायला हवं होतं

आकडा आधी सांगते. एसी दुरुस्तीच्या नावाखाली घरी आलेल्या दोन भामट्यांना दिलेले 20,799 रुपये. त्यातले 549 व्हिजिटचे, 3,800 गॅसचे, 7,450 पीसीबीचे (म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचे) आणि 9,000 कंप्रेसरचा ॲडव्हान्स. शिवाय जाताना ते आमच्या एसीचा चांगला पीसीबी पिशवीत घालून घेऊन गेले, तो नवा बसवायला 10,290 वेगळे लागले. मूळ बिघाड शेवटी 700 रुपयांत दुरुस्त झाला. एकूण 31,789. हे सगळं नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) चार-पाच दिवसांत झालं, आणि माहेरी मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते. मी शाळेत शिकवते, मुलांना ओटीपी देऊ नका म्हणून सांगते. मी ओटीपी कुणालाच दिला नाही. घरात आलेल्या माणसाला, त्याच्या तोंडाकडे बघून, माझ्या हाताने पैसे दिले.

27 मेची रात्र. मिस्टर कामानिमित्त चंद्रपूरला. घरी मी आणि सासूबाई, वय 79, बीपीच्या गोळ्या चालू. हॉलमधल्या कूलरला बाहेरची झळ आवरत नव्हती, वाळ्याच्या ताट्या तासाभरात कोरड्या पडत होत्या, म्हणून आईंच्या खोलीतला एसी सतत चालू होता. साडेदहाच्या सुमारास वास आला. जळक्या प्लास्टिकचा, त्यात थोडा मासळीसारखा. रिमोटने एसी बंद केला, वास कमी झाला. अर्ध्या तासाने लावला, वीस मिनिटांत पुन्हा वास. खोली मात्र छान गार होत होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे मला आता कळतं. वास आला की एसीचा एमसीबी (बोर्डावरचा, धोका झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडायचा, मगच पुढचं. आणि एमसीबी आपोआप पडला नाही म्हणजे काही गंभीर नाही, असंही समजू नका. शॉर्ट झालं किंवा भार वाढला तर तो पडतो. पण सॉकेटमधला स्क्रू ढिला होऊन वायर नुसती टेकलेली असेल, तर करंट वाढत नाही, त्या एका बिंदूवर फक्त उष्णता वाढते. त्या उष्णतेने तांबं काळं पडतं, काळं पडलं की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. एमसीबीला यातलं काही दिसत नाही.

सकाळी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस नागपूर' असं टाकून शोधलं. पहिलाच नंबर लावला. वॉरंटी कार्ड कपाटात, बिलाच्या फाइलमध्ये, माझ्यापासून सहा फुटांवर होतं, त्यावर कंपनीचा खरा नंबर छापलेला होता. आमचा एसी 2021 चा, कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी. सगळं त्या कार्डावर होतं. पण आईंना रात्रभर झोप नव्हती, खोली सकाळी आठलाच तापायला लागली होती. अशा वेळी कोण फाइल उघडतं? तुम्ही उघडा. नंबर घ्यायचा तो फक्त बिलावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा एसीवरच्या स्टिकरवरून.

फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला. एसी किती जुना, किती टनाचा, आणि घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, मी आणि सासूबाई. त्याने ते का विचारलं, याचा मी तेव्हा विचारच केला नाही.

दुपारी सव्वा वाजता दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, शर्टवर कंपनीचं नाव. मी एसी लावून दाखवला. एकाने गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटला गेज (गॅसचा दाब मोजायचं यंत्र) लावला आणि गॅस कमी आहे म्हणाला. एसी चालू ठेवूनच दहा मिनिटं फुस्स करून काहीतरी भरलं, 3,800 झाले. वजनकाटा आणला नव्हता. गॅस ग्रॅमवर मोजून भरतात, किती हवा ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आणि गॅस बंद तांब्याच्या नळीत फिरतो, तो 'संपत' नसतो. कमी झाला तर कुठेतरी गळती असते, ती आधी शोधावी लागते. गळती असली तर खोली गार होत नाही, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. जळका वास येत नाही. वासाचं दुखणं घेऊन आलेल्या बाईला त्याने गॅस विकला, आणि मी घेतला.

तेवढ्या वेळात एसी पूर्ण जोरात चालला आणि वास पुन्हा आला, रात्रीपेक्षाही जास्त. आता दुसरा म्हणाला, पीसीबी जळतोय, खोलावं लागेल. तो खिडकीकडे गेला, पडदा सारला, खिशातला रुमाल काढून हाताला गुंडाळला आणि प्लग उपटला.

रुमालाने.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं, शॉक लागू नये म्हणून घेतला असेल. त्याने प्लग सोडला, बोटं झटकली आणि पडदा पुन्हा नीट सरकवून ठेवला. पडदा सरकवताना त्याने साथीदाराकडे पाहिलं. हे मला आज जसंच्या तसं दिसतं. प्लग तापला होता म्हणून त्याने रुमाल घेतला. जळकं कुठे आहे हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. तिथेच बोट ठेवून 'मॅडम, सॉकेट बदला' म्हणाला असता, तर 549 आनंदाने दिले असते, वर चहा दिला असता. त्याने माझ्या म्हाताऱ्या सासूच्या पलंगाजवळचं तापलेलं सॉकेट पडद्याआड झाकलं आणि मला पीसीबी दाखवायला आला. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण झोप या गोष्टीने गेली आहे.

पीसीबीवर एक काळा ठिपका दाखवला. धूळ होती की आणखी काय, देव जाणे. 'लॅबमध्ये' नेऊन दुरुस्त करून उद्या आणतो, 7,450. मग गच्चीवर जाऊन आलेला पोऱ्या म्हणाला, कंप्रेसर पण शॉर्ट आहे, कधीही फुटेल. आई पलंगावरून म्हणाल्या, "अवं, पण थंड तर होऊन राह्यलं होतं ना इतका वेळ!" तो हसून म्हणाला, "आजी, ये आखिरी ठंडक है. आर-32 गॅस है, आग पकडता है." आर-32 थोडाफार पेट घेऊ शकतो, हे खरं आहे. अशी अर्धी खरी गोष्ट पुढे करूनच ही माणसं घाबरवतात.

79 वर्षांच्या, चौथी शिकलेल्या बाईला जे कळलं ते मला कळलं नाही. कंप्रेसर जळाला असता तर खोली गारच झाली नसती. शिवाय अर्ध्या तासापूर्वी तोच कंप्रेसर चालू ठेवून याने गॅस भरला होता. आणि कंप्रेसर म्हणजे वेल्डिंग केलेला बंद लोखंडी डबा, तोही गच्चीवर. त्याच्या आतलं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) जळालं तर वास आईंच्या उशाशी येईल कसा? पण फुटेल, आग लागेल, हे शब्द ऐकल्यावर माझं डोकं चालेना. मिस्टरांचा फोन लागत नव्हता. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, वॉरंटीत अर्ध्या किमतीत बसवू, 9,000 ॲडव्हान्स. 5,000 एका यूपीआयवर आणि 4,000 दुसऱ्यावर पाठवायला लावले. दोन्हीकडे कंपनीचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तींची नावं आली. ती नावं मी वाचली आणि तरी पिन टाकला. पावतीवर जीएसटी नंबर होता, 27 ने सुरू होणारा, म्हणून खरा वाटला. जीएसटी नंबरला पंधरा अक्षरं-आकडे लागतात. पावतीवर तेरा होते. ते मी मोजले चौथ्या दिवशी.

मग उद्या येतो, परवा येतो. तीन दिवस. त्या तीन रात्री आईंच्या खोलीत छोटा कूलर लावला होता, त्याच सॉकेटवर. कूलर एक-दीड अँपिअर घेतो आणि दीड टनाचा एसी सात-आठ, म्हणून ते सॉकेट तेवढं तापलं नाही. आम्ही वाचलो ते एवढ्यामुळेच.

चौथ्या दिवशी त्यांचा नंबर बंद झाला आणि मी मानेवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने एसीला हात लावायच्या आधी पडदा उचलला. पडद्याची कड पिवळी पडून कडक झाली होती. सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग, प्लगची एक पिन निळसर-काळी. "मॅडम, वास कुठून येऊन राह्यला, हे कोणी पाह्यलंच नाही का जी?" मी काही बोलू शकले नाही. स्क्रू ढिला, वायरीची टोकं जळून तुटत आलेली. नवं 16 अँपिअरचं सॉकेट आणि प्लग 310, लग (वायरीच्या टोकाला बसवायची टोपी) आणि वायर 90, मजुरी 300. मग गच्चीवर जाऊन मीटर लावला: कंप्रेसरच्या तिन्ही टर्मिनलमध्ये रीडिंग बरोबर, बॉडीशी काही नाही. म्हणजे धडधाकट. असं रीडिंग समोर उभं राहून बघायचं असतं, नुसत्या तोंडी 'शॉर्ट आहे'वर एक रुपया काढायचा नाही. काढलेला पार्ट घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. न्यायचाच असेल तर त्यावरचा नंबर फोटोत घ्या आणि पैसे तो परत बसवून एसी चालल्यावर द्या.

त्यानेच सांगितलं, सीझनला पहिल्यांदा एसी लावला की साचलेल्या धुळीचा वास पाच-दहा मिनिटं येतो आणि जातो. जो जात नाही, तो विजेचा. कधी पीसीबीवर पाल चिकटून मरते, तो वास वेगळा. कूलरची टाकी कोरडी पडून पंप चालत राहिला तरी जळका वास येतो, पंखा नुसता गुरगुरत असेल तर खराब कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) किंवा जाम झालेली मोटर. प्रत्येक वेळी आधी एमसीबी खाली, मग प्लग आणि सॉकेटवर डाग आहे का ते बघायचं. काही खर्च नाही त्याला.

आता तक्रारीचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. पण हा फोन पहिल्या काही तासांत गेला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात. माझे चार दिवस 'उद्या येतो'मध्ये गेले होते. मी मूर्खासारखी वाट पाहत बसले असं कुणी म्हणू नये. माझ्याकडे पावती होती, आणि माणूस रोज फोन उचलत होता.

त्यानंतर ठाणं. दोन तास चाळीस मिनिटं बाकावर. मग प्रश्न: "पैसे तुम्हीच दिले ना? काम तर केलं ना त्यांनी? मग हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, चांगला पीसीबी घेऊन गेले. "तुम्हीच काढू दिला ना?" नंबर इंटरनेटवरून घेतला म्हटल्यावर चेहरा खुलला: मग सायबरला जा. सायबरवाल्यांनी विचारलं, माणूस घरी आला होता? मग तुमच्या ठाण्यात जा. 45 डिग्रीच्या उन्हात दुपट्टा बांधून मी या दोन दारांमध्ये तीन चकरा मारल्या. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत 318 आहे. मी कागदावर लिहून नेलं होतं. उत्तर मिळालं, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." जळकं सॉकेट पिशवीत घालून पुरावा म्हणून नेलं होतं. हा कचरा इथे कशाला आणला, म्हणाले. कचरा! त्या कचऱ्याने आमचं घर पेटलं असतं तर पंचनामा करायला हेच आले असते.

शेवटी तक्रार अर्ज घेतला, गुन्हा नाही. शिक्क्याची पोच मी हट्टाने उभी राहून घेतली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय हलू नका. नकार दिला तर वरिष्ठांना लेखी पाठवा, पोस्टाने, पावतीसकट. बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकला, आम्ही काय करणार. कंपनी म्हणाली, तो आमचा माणूस नाही. त्यांच्या नावाचा खोटा नंबर इंटरनेटवर शोधताना सगळ्यात वर दिसतोय, हे सांगितलं तर 'फीडबॅक पुढे पाठवते' म्हणाली ती मुलगी. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवलं आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. पावतीवरचा पत्ता बर्डीवरचा होता. मी जाऊन आले, त्या नंबरचं दुकानच तिथे नाही.

काल मिस्टरांच्या फोनवरून पुन्हा तसंच शोधलं. वरचं नाव बदललंय, नंबर नवा आहे. लावला. आवाज तोच. एसी किती जुना, किती टनाचा, असं विचारून झाल्यावर म्हणाला, "और घर में कौन कौन रहता है, मॅडम?"

तारीख, वेळ आणि तो नंबर लिहून अर्जाला पुरवणी जोडून दिली आहे. तिची पोच अजून मिळालेली नाही.