पिल्लांची घाई आणि बुरशी लागलेली लेन्स

आमची मांजर कपाटाच्या खालच्या खणात व्याली. चार पिल्लं. मांजरीच्या पिल्लांचे डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात आणि तेव्हा ते सगळ्यांचेच निळे असतात. काही आठवड्यांत रंग बदलतो. मला तो निळा हवा होता. माझी फसवणूक खरं तर तिथूनच सुरू झाली.

माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स होती. ५५वर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, तिचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ ५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). कपाटातल्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० करूनही शटर १/२५ सेकंदावर अडकायचं. झोपलेलं पिल्लूसुद्धा मध्येच पाय झटकतं, म्हणजे फोटो गेलाच. लेन्समधला स्टॅबिलायझर माझ्या हाताचा कंप सांभाळतो, पिल्लाची वळवळ नाही. आणि इतक्या कोवळ्या डोळ्यांवर फ्लॅश मारायला जीव होईना.

एफ १.८ची लेन्स एफ ५.६पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे त्याच उजेडात, त्याच आयएसओवर १/२५च्या जागी १/२५०. हे गणित पक्कं होतं. म्हणून ८५ एमएम एफ १.८ सेकंडहँड शोधायला घेतली. पिल्लांची आई बिथरणार नाही इतक्या अंतरावरून चेहरा भरून येतो, म्हणून ८५. लेन्सची निवड बरोबरच होती, हे आजही म्हणेन. चुकली ती विकणाऱ्या माणसाची निवड.

विकणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कशासाठी हवीय, ताई?" मी भडाभडा सगळं सांगितलं. पिल्लं, निळे डोळे, दिवस थोडे. त्यावर तो म्हणाला, "मग उशीर करू नका, आणखी दोघं विचारतायत." ते दोघं कोण, हे मी विचारलंही नाही.

त्याने लेन्सचे फोटो पाठवले. समोरून काढलेले. काचेवर जांभळी-हिरवी झाक मस्त चमकत होती. आता कळतं की त्या चमकेमुळेच आतलं काही दिसत नव्हतं. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची जादा काच, घट्ट बसवलेला होता. "तुमच्यासाठी फुकट," म्हणे. लेन्सने काढलेले नमुन्याचे फोटोही दिले, आणि ते खरोखर याच लेन्सचे होते, खोटं नव्हतं. फक्त सगळे भर उन्हातले, एफ ८चे. मूळ फाइली माझ्याकडे आल्या होत्या, त्यात अपर्चरचा आकडा लिहिलेला होता. मी पाहिला कधी? पैसे गेल्यावर पंधरा दिवसांनी.

त्याची मेख अशी. एफ ८ला काचेचा मधला छोटासा भागच कामाला येतो. कडेची घाण फोटोत जवळपास उतरत नाही. अपर्चर पूर्ण उघडलं की सगळी काच कामाला लागते आणि लेन्सचं खरं रूप दिसतं. मी तर लेन्स घेत होते तीच पूर्ण उघडून वापरायला.

लेन्स आली. पहिल्या दिवसापासून फोटो मऊ, दुधाळ. आणि मी काय केलं, तर स्वतःलाच दोष दिला. कारण ८५ एमएमवर, एफ १.८ला, एक मीटरवरून माझ्या कॅमेऱ्यात फोकसची पट्टी जेमतेम एक सेंटीमीटरची असते. डोळा धरला तर नाक सुटतं. मला वाटलं, माझाच हात कच्चा. विकणाऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "सवय होईल. मोठ्या अपर्चरचं असंच असतं." परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती. ते सातही दिवस मी सराव करत बसले.

हा फरक नीट समजून घ्या, कारण मी इथेच बुडाले. फोकस चुकलेल्या फोटोत कुठेतरी काहीतरी धारदार असतं, एखादी मिशी, कानाची कड, अंथरलेल्या टॉवेलचा धागा. माझ्या फोटोत काहीच धारदार नव्हतं. काळं पिल्लू राखाडी दिसत होतं. आणि कोपऱ्यात दिवा आला की त्याभोवती धुक्याचं वलय.

आठव्या दिवशी फिल्टर काढायला गेले तर तो निघेना. दुरुस्तीवाल्याने काढला. मग त्याने मागून टॉर्च धरून लेन्स तिरकी केली आणि मला बघायला लावलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. बुरशी. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, म्हणजे कुणीतरी आधी उघडून पाहिलेली. "बुरशी पुसता येईल, पण तिने काचेवरचा लेप खाल्लाय, तो परत येणार नाही," असं तो म्हणाला. ही लेन्स इतर लेन्सांच्या पेटीत ठेवू नका, हेही त्यानेच बजावलं. मी आठवडाभर तिथेच ठेवली होती.

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "फोटो बघूनच घेतलीत ना?" पुन्हा लिहिलं तर त्याने नंबर ब्लॉक केला. पैसे थेट त्याच्या खात्यात पाठवले होते, वस्तू तपासून होईपर्यंत रक्कम मध्ये अडकवून ठेवण्याची सोय असलेल्या मार्गाने नाही. त्यामुळे तक्रार केली तरी हातात दाखवायला फक्त त्याचे गोड मेसेज.

आता कुणी मला लेन्सबद्दल विचारलं की मी आधी फिल्टर काढायला सांगते. मग दोन्ही झाकणं काढून, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारलेला व्हिडिओ मागवायचा, लेन्स हळूहळू तिरकी करत काढलेला. आणि सर्वात मोठ्या अपर्चरवर, चौकटीच्या कोपऱ्यात दिवा ठेवून काढलेल्या फोटोची मूळ फाइल. खरा विकणारा कुरकुरेल, पण पाठवेल. "वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणाला तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या. आणि पिल्लांचं काही सांगू नका. विचारलंच तर म्हणा, सहज बघतेय.

पिल्लांचे फोटो शेवटी जुन्याच लेन्सने काढले. चालायला लागल्यावर मांजरीनेच एकेकाला मानेला धरून खिडकीपाशी आणलं. तिथे १/२५० मिळत होतं. डोळे तोवर हिरवट झाले होते.