दुसरा गाळा घेण्याआधी वर्दळ मोजायची कशी?

मोबाइलच्या ठिकाणावरून किती लोक आले, कुठून आले, किती वेळ थांबले ते सांगतो, असं म्हणणारे विक्रेते आता छोट्या दुकानदारांपर्यंतही पोहोचलेत. पैसे मोजण्याआधी एवढं विचारा: ही माहिती टॉवरची, वायफायची की ॲपची?

टॉवरची माहिती मोठ्या प्रदेशासाठी उत्तम. 2015च्या भूकंपानंतर काठमांडू खोऱ्यातून लोक कुठे गेले, ते नेपाळमध्ये सिमकार्डांच्या हालचालींवरूनच कळलं. पण शहरातही हा अंदाज काहीशे मीटरचा असतो. गाळा रस्त्याच्या या बाजूला घ्यावा की त्या, याचं उत्तर त्यात नाही.

वायफायचं यंत्र दारात बसतं आणि जवळून जाणारे फोन टिपतं. लंडनच्या भुयारी रेल्वेने 2016 साली 54 स्थानकांवर असा प्रयोग केला. प्रवासी गाडी कुठे बदलतात ते त्यातून दिसलं. दुकानात मात्र अडचण येते. आयफोन 2014पासून वायफाय शोधताना आपला पत्ता, म्हणजे फोनची ओळख सांगणारा क्रमांक, बदलतात आणि आता बहुतेक अँड्रॉइड फोनही तेच करतात. एकच माणूस दोन-तीनदा मोजला जातो. ‘पुन्हा आलेली गिऱ्हाइकं’ या आकड्यावर म्हणूनच भरवसा ठेवू नका.

ॲपमधलं जीपीएस सगळ्यात बारीक: मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटर. इमारतीत किंवा अरुंद बोळात तेही भरकटतं. शिवाय ज्यांनी ते ॲप घेऊन परवानगी दिली, तेवढेच लोक दिसतात. साधा फोन वापरणाऱ्या आजी तुमच्याकडे दर आठवड्याला येत असतील, तरी त्या नकाशावर नाहीत.

माझा खरा आक्षेप याच माहितीला आहे. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली जात नाही. 15 लाख लोकांच्या फोन-नोंदींवरच्या 2013च्या अभ्यासात दिसलं, की ठिकाण आणि वेळ यांच्या चारच नोंदींवरून 95 टक्के लोक वेगळे ओळखता येतात. रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावरून घर आणि नोकरी समजते. आपल्याकडे 2023च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. माहिती कोणत्या ॲपमधून आली, परवानगी कोणत्या शब्दांत घेतली, हे विक्रेता सांगत नसेल तर व्यवहार करू नका.

गूगल मॅप्सवरचे गर्दीचे तास फुकट आहेत. त्यातले उभे पट्टे माणसांची संख्या दाखवत नाहीत. त्याच जागेच्या सर्वाधिक गर्दीशी तुलना दाखवतात. दोन दुकानांचे पट्टे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हे ठरवायला ते पुरेसे आहेत.

शहरोशहरी शाखा असतील तर खात्रीच्या विक्रेत्याकडून ॲपची एकत्रित आकडेवारी घ्या. नगरपालिकेला किंवा यात्रेच्या नियोजनाला टॉवरची. एका गाळ्यासाठी यातलं काहीच विकत घेऊ नका. एक कामाचा दिवस आणि एक रविवार माणूस उभा करा, हातात पिशवी घेऊन परतणारे वेगळे मोजा. आणि सध्याच्या दुकानात बिल करताना गिऱ्हाइकाला पिनकोड विचारा. सांगायचा की नाही, ते त्याच्यावर सोडा.